शिमटीचे वळ आणि साने गुरुजी

कोकणातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे 24 डिसेंबर 1899 रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराण्याची पूर्वीची संपन्नता ओसरत चालली होती. परंतु माता यशोदाबाई यांनी मुलांच्या संस्कारांत दारिद्र्य शिरू दिले नाही. हाच बालक पुढे साने गुरुजी म्हणून महाराष्ट्रात विख्यात झाला.

पांडुरंग लहानपणी पाण्यास फार भीत असे. पोहावयास जाण्याची वेळ आली की तो घरात लपून बसे. एकदा मातेने त्याला शोधून काढले व शिमटीने मारीत विहिरीकडे पाठविले. आपल्या पुत्रास लोकांनी भित्रा म्हणू नये, एवढाच त्या माउलीचा हेतू होता. मूल पोहावयास शिकले, हेतू सफल झाला. पण घरी आल्यावर त्याने अंगावरचे वळ दाखविले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. जेवण अर्धे टाकून ती उठली आणि त्या वळांना तेल लावू लागली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. मातेने शिकविले पोहणे. मुलाने त्याबरोबर दुसरेच काही उचलले. प्रेम करणाऱ्याने शासन केले तर त्याची व्यथा शासन करणाऱ्यालाही भोगावी लागते, हे त्याने त्या दिवशी पाहिले. हा पाठ कोणी योजलेला नव्हता. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिताना तो प्रसंग त्यांच्या लेखणीतून उतरला. म्हणजे वळ बुजले तरी ते तेल लावणारे हात विसरले गेले नव्हते.

1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. अव्यवस्थित मुलांना त्यांनी छडी दाखविली नाही. ते स्वतःच कंदील पुसत, अंथरुणे आवरीत, मुलांचे कपडे धूत. मुले ओशाळत व आपली कामे आपण करू लागत. मात्र हेही शासनच होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. छडीविरुद्ध मूल मनातल्या मनात तरी बंड करू शकते. गुरूच्या अश्रूंविरुद्ध त्याने काय करावे?

1932 साली धुळ्याच्या कारागृहात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळातील ती अठरा प्रवचने गुरुजींनीच लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपणास लाभला.

दुसऱ्यांच्या दोषासाठी स्वतःस क्लेश देण्याची वृत्ती पुढे अधिकच दृढ झाली. पंढरीचा विठ्ठल अस्पृश्यांस मोकळा व्हावा म्हणून मे 1947 मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण आरंभिले आणि मंदिराचे द्वार उघडले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी 21 दिवसांचे प्रायश्चित्त घेतले. समाजाच्या पापाचा वळ ते आपल्याच पाठीवर उमटवून घेत. त्या कोमल हृदयास हा भार अखेर सोसवला नाही. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपल्या हातांनी जीवनयात्रा संपविली.

यशोदाबाई 2 नोव्हेंबर 1917 रोजीच निवर्तल्या होत्या. पांडुरंग त्या वेळी पुण्यास विद्यार्थी होता. त्याला मातेचे अंत्यदर्शनही घडले नाही.