आधी खराटा, मग टाळ

संतसज्जनहो, गावात चार माणसे वाकडी निघाली म्हणजे त्यांचे काय करावे, हा प्रश्न आम्हा कीर्तनकारांना गावोगावी विचारला जातो. कोणी दारू पिऊन चावडीपुढे धिंगाणा घालतो, कोणी सप्ताहाच्या मंडपामागे पत्ते मांडून बसतो, कोणी आपल्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारी लोटतो. त्यांना वाळीत टाकावे, ठोकून काढावे, की फौजदाराच्या हवाली करावे? या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस पोथीत शोधीत होतो. ते आम्हांस लाभले गाडगेबाबांच्या चरित्रात. म्हणून ते आज थोडक्यात सेवेला घेतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई. त्या काळी नवस असो, बारसे असो की तेरवी असो, बकरे कापायचे आणि दारू वाढायची, ही रीतच होती. न करावे तर जातगोत नावे ठेवी. करावे तर सावकाराचे दार. झिंगराजींना या रिवाजातूनच व्यसन जडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. डेबूजी तेव्हा लहान होता. आई त्याला घेऊन दापुऱ्यास आपल्या माहेरी गेली. तिथे पोराने गुरे राखली, नांगर धरला, घाम गाळला. पण मामाची जमीनही कर्जापायी सावकाराच्या घशात गेलेली त्याने पाहिली.

इथे जरा थांबू या. दारुडा कसा होतो, हे डेबूजीला कोणी सांगावे लागले नाही. त्याने ते घरात पाहिले होते. म्हणून पुढे साऱ्या आयुष्यात बाबा व्यसनावर तुटून पडले, व्यसनी माणसावर नव्हे. त्या माणसात त्यांना आपला बाप दिसत असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पहिला सुधार त्यांनी केला तो आपल्याच पंगतीत. मुलीच्या बारशाला सोयरेधायरे जमले, बकऱ्याची आणि दारूची वाट पाहू लागले. डेबूजीने पानात गोडाधोडाचे वाढले. लोक रुसले, बोलले. त्याने ऐकून घेतले, पण रीत मोडली ती मोडलीच. गावाला सांगण्याचा अधिकार असा घरून मिळवावा लागतो, नाही का?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोईवर मडक्याचे खापर, हाती खराटा. त्या गाडग्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी चिखलात लोक घसरत, तिथे बाबांनी हातांनी वाट केली. पुढे घाट उभा राहिला. एखाद्या गावात शिरले की कोणाशी न बोलता रस्ते झाडायला लागत. गटारे उपसीत. कोणी वेडा म्हणे, कोणी हाकलून देई. दुपारपर्यंत चार पोरे मागे लागत, मग चार बाप्ये लाजून हात लावीत. रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन उभे राही.

ते कीर्तनही वेगळेच. आम्ही संस्कृत पाठशाळेत शिकलो. पूर्वरंग, उत्तररंग, प्रमाणे, सारे घोकले. बाबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करता, देवाला मुके जनावर का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही, माणसाला शिवायचे का नाही? उत्तर गावाच्याच तोंडून वदवून घेत. गाव हसे आणि हसता हसता खाली मान घाली. चारचौघांत कोणा एकाची अब्रू काढणे नाही. सारा गावच आरोपी आणि सारा गावच न्यायाधीश.

आमची गोष्ट सांगतो. तरुणपणी एका गावी आम्ही कीर्तनात दारुड्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. समोर बसलेले चौघे उठून चालते झाले. टाळ्या पडल्या आणि आम्ही सुखावलो. घरी येताना ध्यानात आलं, की ज्यांच्यासाठी बोलायचं होतं तेच गेले! बाबांच्या कीर्तनातून असे लोक उठून जात नसत. कारण त्या माणसाने सकाळी याच म्हाताऱ्याला आपल्या दारची घाण काढताना पाहिलेले असे.

लोकांनी पैसा दिला, तो बाबांनी स्वतःला लावला नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उठल्या. पंढरीत अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती, म्हणून चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली. ती १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. माणसाला दूर ठेवणे हेही गावाचे दुर्वर्तनच, आणि दारूपेक्षा जुने, हे त्यांनी ओळखले होते. कोणाला पाया पडू दिले नाही, शिष्य केला नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात त्यांचे शेवटचे गाजलेले कीर्तन झाले. दंडुका ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे हा खराटेवाला उभा राहिला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच, बाबांनी देह ठेवला.

दंड नकोच, असे आमचे म्हणणे नाही. बायकोला मारणाऱ्याला कायदा दाखवलाच पाहिजे. पण दंडाने माणूस गप्प होतो, सुधारतो असे नाही. आणि वारकरीहो, आषाढीनंतर चंद्रभागेचे वाळवंट आपण कसे सोडून येतो, ते एकदा आठवा. ती घाण कोणा दारुड्याने केलेली नसते. यंदा दिंडीत टाळांबरोबर दोन खराटेही घ्यावेत, एवढीच आमची विनंती. पहिला आम्ही धरू.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!