फाळक्यांच्या आगकाड्या

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये. सुट्टीला पुण्याहून आलेला माझा नातू आणि त्याचे दोन मित्र याच कारणाने आमच्या सोप्यात पंख्याखाली अडकून पडले होते. दोन तास त्यांचा वाद चालला होता. विषय काय, तर ‘सिम्पसन्स’ आणि ‘फॅमिली गाय’ ही दोन अमेरिकन कार्टून कुटुंबे. २०१४ साली एका भागात ही दोन्ही कुटुंबे एकमेकांना भेटली म्हणे. एका मालिकेतल्या पात्रांनी दुसऱ्या मालिकेत जावे की नाही, हा खरा मुद्दा. एकाचे म्हणणे असे, की ती निव्वळ प्रेक्षक ओढायची युक्ती. दुसऱ्याला त्यातच सगळी गंमत वाटत होती. तिसरा कोणत्या ॲपवर काय बघण्यासारखे आहे याची यादी मोबाइलवर करत होता.

तेवढ्यात तिसरीतली नात मध्येच म्हणाली, की आमचा छोटा भीम तर कृष्णाला केव्हाच भेटलाय. पोरे हसली. मी मात्र नातीच्या बाजूने झालो. वनपर्वात फुले आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारे वानर शेपटी पसरून बसते आणि भीमाला ती हलत नाही, ही गोष्ट कीर्तनात ऐकतच आमची पिढी वाढली. रामायणातला मारुती महाभारतात आला म्हणून आमच्या आजीने कधी भुवई उंचावली नाही.

मग नातवाने मलाच विचारले, की आजोबा, तुमच्याकडून यादीत काय घालू? मी सांगितले, ‘आगकाड्यांची मौज’. तिघांनी शोधले. सापडले नाही. सापडणारही नव्हते, कारण त्या चित्रपटाची प्रत आज हाताशी नाही. तो १९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी केला, एवढे सांगितल्यावर पोरे जरा सरसावून बसली. फाळके म्हणजे पुरस्कार, एवढेच त्यांना ठाऊक होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे ते मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मुलाचा ओढा रंगांकडे. जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचे कलाभवन, मग गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. प्लेगने तिथे पत्नी आणि मूल दोन्ही नेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छापखाना, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम. मधल्या काळात गृहस्थ जादूगारही होते. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करत. आमच्या घरी असा एखादा निघाला असता, तर याचे कुठेच बस्तान बसत नाही म्हणून सगळ्यांनी कपाळाला हात लावला असता. पण चित्रकला, फोटो, छपाई आणि हातचलाखी या चार गोष्टी एका माणसात जमा होत होत्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

भागीदारांशी बिनसून छापखाना सुटला तेव्हा वय चाळिशीला टेकले होते. त्याच दिवसांत मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांनी पाहिला, आणि पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. पुन्हा जाऊन पाहिला तो पत्नीला घेऊन. मग वेडच लागले. मिळेल तो सिनेमा बघायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नावाला. डोळ्यांनी संप पुकारला, काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले.

पण आता चित्रपटाला पैसे कोण देणार? इथे त्यांनी जे केले ते मला फार आवडते. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडत गेले. अंकुर फुटला, वेल वर चढला. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ पाहून कर्ज देणारा माणूस मिळाला.

आणि पैसे कमी पडले ते सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढले. या बाईंविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. १९०२ साली त्या या घरात आल्या. दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. त्याशिवाय रात्री अंधारात फिल्मला भोके पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे, आणि दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे. तारामतीचे काम करायला मात्र त्यांनी नकार दिला. इतकी कामे अंगावर असताना दुसरे काय करणार? स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, तेव्हा मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. याच अण्णांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हे ऐकून आमचा वाद घालणारा कंपू क्षणभर गप्प झाला.

बोलपट अजून यायचा होता, हे एका परीने बरेच झाले. आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही भाषा एका चौकात ऐकू येतात. हनुमानाची शेपटी पेटवल्यावर काय होते, हे यातल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. कीर्तनातली ओळखीची पात्रे फाळक्यांनी पडद्यावर आणून उभी केली आणि प्रेक्षकाला घरची माणसे भेटली.

१९१४ साली आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करण्याची संधी चालून आली होती, ती त्यांनी नाकारली. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. पैसे लावणारे मागे सरले, स्टुडिओतल्या माणसांचे पगार द्यायचे कसे ही पंचाईत. मोठा चित्रपट अशक्य, अशा त्या ओढग्रस्तीच्या दिवसांत छोटे छोटे चित्रपट निघाले. त्यातलाच हा आगकाड्यांचा. नट म्हणजे काड्या. त्यांना पगार नको, जेवण नको, पोशाख नको. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. वाटाण्याच्या वेलाला वाढायला निसर्ग होता, काड्यांना फक्त फाळक्यांची बोटे. वॉल्ट डिस्नेचा मिकी माउस पडद्यावर गाजला तो १९२८ मध्ये, म्हणजे याच्या तेरा वर्षांनंतर.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला जड जाते. १९१८ मध्ये नाशिकला भागीदारीत हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालियामर्दन’ लोकांनी डोक्यावर घेतले. त्यात कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांशी पुन्हा खटके, मग काशीला जाणे, नाटक लिहिणे, परत येणे. बोलपटाने मूकपटाचा बाजार उठवला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ चा, कोल्हापूरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसे काही उरले नव्हते. पंचाण्णवच्या आसपास चित्रपट आणि पंचवीसेक लघुपट केलेल्या या माणसाचे आज फार थोडे शिल्लक आहे. ती जुनी फिल्म भुरूभुरू जळायची, नाहीतर डब्यात कुजायची. ‘कालियामर्दन’ बराचसा वाचला, ‘लंकादहन’चे तुकडे आहेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

यादीत मग ‘कालियामर्दन’ आला, आणि परेश मोकाशींचा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ही. मला वाटले, विषय संपला. पण नातीने स्वयंपाकघरातून काड्यापेटी आणली. शहाबादी फरशीवर चार काड्यांचा माणूस मांडला आणि आईचा मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. एक पाय सरकवायचा, फोटो. पुन्हा पाय, पुन्हा फोटो. मोठ्या मुलांनी हिशेब केला: जुन्या पद्धतीने सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर अठ्ठेचाळीस फोटोंत तीनच सेकंद. विसाव्या फोटोला काड्यांचा माणूस आपोआप हलला. पंख्याचा वारा.

नातीने उठून पंखा बंद केला. बाहेर बेचाळीस अंश. घामाघूम झालेल्या तिन्ही पोरांना तिने सांगितले, की कुणी श्वाससुद्धा जोरात सोडायचा नाही, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.