वास्को नावाचं स्टेशन

पुण्याहून मिरजमार्गे जाणारी गोवा एक्स्प्रेस जिथे संपते त्या स्टेशनचं नाव आहे वास्को-द-गामा. माझी रूममेट त्याच गावची. सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की ती बॅग भरते आणि वास्कोला चालले म्हणून सांगून निघते. तिच्या तोंडी या नावाचा अर्थ एकच, घर. घर म्हणजे आईच्या हातचं हुमण आणि मेसच्या पातळ वरणापासून सुटका!

मला मात्र हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेतला एका मार्काचा प्रश्न आठवला. भारताकडे येणारा सागरी मार्ग कोणी शोधला? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही उत्तर घोकलं होतं. मार्क मिळाला, विषय संपला.

सुट्टीत मी तिच्या घरी गेले तेव्हा आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो. तिथे मांडवीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान आहे. वास्कोचा पणतू फ्रान्सिस्को गोव्याचा व्हाइसरॉय असताना १५९९ मध्ये ती उभारली गेली. कमानीवर नदीकडे तोंड करून पणजोबांचा पुतळा आहे. रूममेट लहानपणापासून तिथून शंभरदा गेली असेल, पण तिने मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. मी बघितलं, आणि हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीतून दोन-तीन पुस्तकं काढली. जे वाचलं ते एका मार्कात मावणारं नव्हतं, म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

वास्को-द-गामाचा जन्म पोर्तुगालमधल्या सिनेश या समुद्रकाठच्या गावी १४६० ते १४७० च्या दरम्यान झाला. त्या काळात मिरी, दालचिनी, लवंग हा माल अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत युरोपात पोचायचा आणि प्रत्येक हातात त्याची किंमत वाढायची. मधले हात टाळायचे तर आफ्रिकेला वळसा घालून थेट भारत गाठायचा, हा पोर्तुगालचा कित्येक वर्षांचा प्रोजेक्ट होता. १४८८ मध्ये बार्तोलोमेव दियाशने आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून दाखवलं. पुढचं काम राजा मानुएलने वास्कोवर सोपवलं.

८ जुलै १४९७ रोजी चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन तो लिस्बनहून निघाला. एका जहाजाचा कप्तान त्याचा भाऊ पाउलो होता. आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेकडे जाताना वारे आणि प्रवाह आडवे येतात. म्हणून वास्कोने किनारा सोडला आणि अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे लांबलचक वळसा घेऊन अनुकूल वारा पकडला. तीन महिने जमीन दिसली नाही. सॅटेलाइट नाही, रेखांश मोजायचं साधन नाही, आणि तरीही नोव्हेंबरात तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ बरोबर पोचला. इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी म्हणून सांगते, इथे त्याला सलाम करावाच लागतो.

नाताळच्या सुमारास तो ज्या किनाऱ्याजवळ होता त्याला त्याने नाताळ हेच नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या नावात ते अजून आहे. पुढे मोझांबिक आणि मोंबासा इथे स्थानिक लोकांशी त्याचे बिनसले. मोंबासाला त्याने पकडलेल्या माणसांच्या अंगावर उकळते तेल टाकून माहिती काढून घेतली. ही गोष्ट त्याच्या शत्रूने नव्हे, त्याच्याच जहाजावरच्या माणसाने रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

मालिंदीच्या सुलतानाने मात्र त्याला आसरा दिला आणि वाट दाखवायला एक वाटाड्या दिला. खरी गंमत इथे आहे. आपण ज्याला शोध म्हणतो तो रस्ता या वाटाड्याला पाठ होता! अरबी समुद्रातून कधी निघायचं, कोणता वारा धरायचा हे गुजराती, अरब आणि मलबारी खलाशांना शेकडो वर्षं माहीत होतं. नैऋत्य मोसमी वारा सुरू होत होता. साधारण तेवीस दिवसांत जहाजांना मलबारचा किनारा दिसला आणि २० मे १४९८ रोजी ती कालिकतजवळच्या कप्पडला येऊन थांबली.

वास्कोने चाचपणीसाठी आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवले. तिथे त्याला ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले आणि ते चक्क त्याला समजेल अशा स्पॅनिशमध्ये बोलले. म्हणजे शोध लागण्याआधीच भूमध्य समुद्राकाठची माणसं कालिकतच्या बाजारात बसलेली होती. आणखी एक गोष्ट. वाटेत दिसलेलं देऊळ म्हणजे चर्चच, असं समजून पोर्तुगीजांनी तिथे प्रार्थना केली. शाळेत रोज सकाळी चॅपलसमोरून जाणाऱ्या मला हे वाचून हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. निदान त्या एका दिवशी तरी दोन्हीकडचे लोक एकाच मूर्तीसमोर हात जोडून उभे होते.

पुढचा दिवस तितका चांगला गेला नाही. कालिकतचा राजा सामुद्री, म्हणजे इंग्रजी पुस्तकातला झामोरिन. त्याच्यासाठी वास्कोने काढलेला नजराणा असा होता: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. जिथे सोन्याच्या भावात व्यवहार व्हायचे तिथे हा आहेर बघून सामुद्रीची माणसं हसली. मला वाटतं हे हसणं वास्को कधीच विसरला नाही.

२९ ऑगस्ट १४९८ रोजी तो कालिकतहून निघाला. जाताना तिथली काही माणसं त्याने पकडून नेली. वाटेत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजं दुरुस्त करून ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने समुद्र ओलांडायला घेतला, पण परतीचा वारा अजून नीट सुरू झाला नव्हता. थर्मोच्या भाषेत सांगायचं तर ही प्रोसेस रिव्हर्सिबल नव्हती. येताना तेवीस दिवस लागलेल्या समुद्राला जाताना जवळजवळ तीन महिने लागले. ताजी फळं-भाजी नसल्यामुळे होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सुजून सुमारे तीस माणसं गेली. हाताला माणसं उरली नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. घर जवळ आलं असताना पाउलो आजारी पडला. वास्कोने जहाज पुढे पाठवून दिले आणि तो भावापाशी थांबला. पाउलो अझोर्स बेटांवर वारला. १४९९ मध्ये वास्को लिस्बनला पोचला तेव्हा निघालेल्यांपैकी निम्मी माणसंही परतली नव्हती. राजाने त्याला पदव्या आणि पैसा दिला.

इथे लेख संपवला असता तर तो शाळेच्या पुस्तकात शोभला असता. पण तो पुन्हा आला.

मधल्या काळात काब्राल नावाचा पोर्तुगीज कप्तान कालिकतला येऊन गेला होता. त्याने एक व्यापारी जहाज पकडल्यावर दंगल उसळली, पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला झाला, पन्नासच्या वर पोर्तुगीज मारले गेले आणि काब्रालने शहरावर तोफा डागल्या. १५०२ मध्ये वास्को मोठं आरमार घेऊन आला तो याचा सूड घ्यायला. मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने मिरी नावाचं जहाज अडवलं. मक्केहून यात्रा करून परतणारे काही शे लोक त्यावर होते. त्यात कालिकतचे श्रीमंत व्यापारी होते, बायका होत्या, लहान मुलं होती. काब्रालच्या माणसांशी यांतल्या बायकामुलांचा काय संबंध? लोकांनी सुटकेसाठी भरपूर धन देऊ केलं. वास्कोने माल उतरवून घेतला आणि जहाजाला आग लावायला सांगितलं. बायका लेकरांना वर धरून दयेची भीक मागत होत्या. तो बघत होता. सुमारे वीस मुलांना तेवढं बाजूला काढलं, ख्रिस्ती करायला. बाकीचे गेले. हेही त्याच्याच ताफ्यातल्या माणसाने लिहून ठेवलं आहे.

मग कालिकतसमोर येऊन त्याने सामुद्रीकडे सगळ्या मुसलमान व्यापाऱ्यांना शहरातून हाकलायची मागणी केली. ती मान्य होईना तेव्हा पकडलेल्या तीसहून अधिक माणसांना, ज्यांत बरेचसे साधे कोळी होते, त्याने फाशी दिलं. त्यांचे हातपाय तोडून होडीतून किनाऱ्यावर पाठवले आणि शहरावर तोफा चालवल्या. पुढे पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात व्यापारी जहाज नेणं धोक्याचं झालं. कोणाच्याही मालकीचा नसलेला समुद्र एका राजाच्या मालकीचा झाला.

यानंतर वीस वर्षं वास्को पोर्तुगालमध्येच होता. १५१९ मध्ये त्याला विदिगेइराचा काउंट केले गेले. १५२४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून त्याला तिसऱ्यांदा पाठवले. तो आधी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला पोचला, तिथून गोव्याला आणि मग कोचीला गेला. त्याच्याच लोकांचा भ्रष्ट कारभार सुधारण्यासाठी त्याला पाठवले होते, पण तेवढा वेळ मिळाला नाही. २४ डिसेंबर १५२४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तो कोचीत मरण पावला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरले होते. ती रिकामी जागा अजून दाखवतात. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि आज त्याची कबर लिस्बनच्या जेरोनिमोस मठात आहे.

नाव मात्र जगभर पसरलं. १९९८ मध्ये त्याच्या प्रवासाला ५०० वर्षं झाली तेव्हा लिस्बनला तागुस नदीवर वास्को-द-गामा पूल खुला झाला. त्याच वर्षी केरळात आणि गोव्यात लोकांनी या आनंदोत्सवाला विरोध केला. कप्पडला एक छोटा दगडी स्तंभ आहे. तो इथे उतरला एवढंच त्यावर लिहिलंय. २०११ मध्ये मल्याळममध्ये उरुमी नावाचा सिनेमा आला, त्यात नायक वास्कोचा सूड घ्यायला निघतो. सगळ्यात आश्चर्य वाटलं ते ब्राझीलचं. रिओमध्ये १८९८ साली याच नावाचा क्लब निघाला. १९२३ मध्ये काळे आणि कामगार खेळाडू घेऊन त्यांच्या फुटबॉल टीमने शहराची चॅम्पियनशिप जिंकली, आणि पुढच्या वर्षी त्या खेळाडूंना काढा असं सांगितल्यावर नकार दिला. एकच नाव, कुठे पूल, कुठे शिवी, कुठे अभिमान.

गोव्यातल्या गावाचं नाव बदलावं अशी मागणी अधूनमधून होते. मी हे सगळं रूममेटला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की नाव बदललं तरी ती घरी जाताना वास्कोलाच चालले म्हणेल, कारण तिच्यासाठी त्या नावात तो माणूस कधी नव्हताच. मला तिचं पटलं. पण तो माणूस कोणासाठीच नावात नाही म्हणून मिरी जहाजावरचे लोकही कुठेच नाहीत, हेही तितकंच खरं. त्यांच्या नावाचं स्टेशन नाही, पूल नाही, कमान तर नाहीच.

परवा तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. इतिहासाची टेस्ट होती आणि प्रश्न तोच, एका मार्काचा. तिने आधी त्याला हवं ते उत्तर सांगितलं. मग फोन न ठेवता जहाजाची गोष्टही सांगितली. स्पीकर चालू होता. त्याने विचारलं, वीस मुलं म्हणजे किती? मग स्वतःच हिशोब केला आणि म्हणाला, आमचा अर्धा वर्ग.

त्या मार्काच्या प्रश्नाला हे उत्तर चालणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण पुढच्या वेळी स्टेशनवर उतरल्यावर मी तो पिवळा बोर्ड वाचीन तेव्हा मला पुतळा नाही, त्याचा अर्धा वर्ग आठवेल.