कुर्ट टांक आणि बिनइंजिनाचं मारुत

लहानपणी पुण्याच्या कमला नेहरू पार्कात जो कुणी खेळायला गेला असेल त्याला तिथं उभं केलेलं विमान नक्की आठवेल. दौंडहून सकाळच्या गाडीनं किंवा शिरूरहून नगर रस्त्याच्या एसटीनं सुट्टीत मामाकडे गेलेल्या आपल्या भागातल्या पोरांनीही ते पाहिलं असेल. लांब टोकदार नाक, मागे झुकलेले पंख, दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं. ते एचएफ-24 मारुत, भारतातच आखून तयार झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. विमान पाहिलेले खूप भेटतात, पण ते कुणी आखलं असं विचारलं की वायवात बसल्यासारखी शांतता पसरते.

उत्तर आहे प्रोफेसर कुर्ट टांक. इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही टँक म्हणेल आणि रणगाडे बनवणारा असेल असं समजेल. पण हा गडी आयुष्यभर विमानंच बनवत राहिला, तीही तीन खंडांत. रेडिओ कंट्रोलचं मोठं लढाऊ विमान बांधायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी तर त्याचं चरित्र वाचायलाच हवं.

टांकचा जन्म 24 फेब्रुवारी 1898 चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रोमबर्गचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव बिडगॉश्च. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पोराला विमानदलात जायचं होतं, पण वडील सैनिकी परंपरेतले, त्यांनी घोडदळात धाडलं. तिथं तो अनेकदा जखमी झाला, शौर्यपदकं मिळवली आणि कॅप्टन होऊन परतला. घोडा मात्र त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. का, ते पुढे येईलच.

युद्धानंतर त्यानं बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला, शाखा इलेक्ट्रिकल. हरलेल्या जर्मनीवर इंजिनाची विमानं बनवण्याबाबत कडक बंधनं होती. मग तिथल्या विद्यार्थ्यांनी काय करावं? इंजिन नको तर नको म्हणत ग्लायडर बांधायला घेतले. लाकडाच्या रिबा, प्लायवुड, वरून कापड, आणि टेकडीवरून सोडून द्यायचं. बर्लिनच्या विद्यार्थ्यांनी आपला ग्लायडिंगचा गट काढला त्यात टांक पहिल्यापासून होता. म्हणजे हा मोठा विमानकार कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, सबमिशनं सांभाळत, मित्रांबरोबर लाकूड तासून घडला. बिनइंजिनाचं विमान आधी उडवून पाहायचं ही सवय त्याला तिथंच लागली असावी.

पदवीनंतर तो रोरबाख कंपनीत धातूच्या उडत्या बोटींवर काम करू लागला, आणि स्वतः विमान चालवायलाही शिकला. पुढे काही काळ मेसरश्मिटच्या कंपनीत काढून 1931 मध्ये ब्रेमेनच्या फोके-वुल्फमध्ये आला. तिथं आराखडा आणि चाचणी उड्डाण ही दोन्ही खाती त्याच्याकडे होती. ड्रॉइंग बोर्डावर रेघ मारणारा आणि त्या रेघेच्या भरवशावर हवेत जाणारा माणूस एकच. फोके-वुल्फ 200 काँडोर हे चार इंजिनांचं प्रवासी विमान 1937 मध्ये पहिल्यांदा उडालं ते टांकच्याच हाती. पुढच्याच वर्षी एक काँडोर बर्लिनहून निघून वाटेत न उतरता न्यूयॉर्कला पोचलं.

पण मॉडेलवाल्यांच्या जगात टांकचं नाव आहे ते फोके-वुल्फ 190 मुळे. 1 जून 1939 ला ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे वीस हजारांच्या आसपास बनलं. त्या काळची लढाऊ विमानं शर्यतीच्या घोड्यासारखी होती, जलद पण नाजूक. टांकला हवा होता घोडदळातला कामाचा घोडा, जो चिखलात उभा राहील आणि साध्या मेकॅनिकच्या हातून दुरुस्त होईल. मेसरश्मिट 109 ची चाकं जवळजवळ असायची, उतरताना ते कलंडायचं. टांकनं चाकांचे पाय पंखात लांब अंतरावर बसवले, ते आतल्या बाजूला मिटायचे. चाकं आणि फ्लॅप हलवायला हायड्रॉलिक नळ्यांऐवजी विजेच्या मोटारी दिल्या. नियंत्रणाला तारांऐवजी दांडे वापरले. पुढे हवेनं थंड होणारं 14 सिलिंडरचं बीएमडब्ल्यू इंजिन आणि त्याला हवा मारायला खास पंखा. वैमानिकानं एक लिव्हर पुढे सरकवला की इंधनाचं मिश्रण, प्रोपेलरचा कोन वगैरे एक यंत्रच जुळवून घ्यायचं. आज आपण ट्रान्समीटरवर मिक्सिंग लावतो, त्याचाच हा यांत्रिक आजोबा म्हणा.

आता या विमानाचं चौथाई मापाचं मॉडेल करायचं ठरवा. मूळ पंख टोकापासून टोकापर्यंत 10.5 मीटर, म्हणजे मॉडेलचे सुमारे 2.6 मीटर. हॉस्टेलच्या खोलीत आडवं ठेवलं तर रूममेटला व्हरांड्यात झोपावं लागेल. माप चौथाई झालं की पंखांचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं आणि वजन, तीच घडण ठेवली तर, चौसष्टावा. भरलेलं विमान साधारण 4.4 टनांचं, त्याचा चौसष्टावा हिस्सा जवळपास 69 किलो. पंखाच्या दर चौरस मीटरवर भार मूळच्या चौथाई येतो, म्हणून उतरण्याचा वेग मूळच्या निम्मा होतो. ऐकायला बरं वाटतं, पण मूळ विमान ताशी दीडशेच्या वर वेगानं उतरायचं. त्याच्या निम्म्यानं 69 किलोचं धूड माळावर उतरवायला छातीच हवी. म्हणून अनुभवी लोक बाल्सा, हलकं प्लायवुड आणि फायबरग्लास वापरून वजन वीस-पंचवीस किलोंच्या आसपास आणतात. दुसरी पंचाईत तोलाची. या विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटीकडे वाढवलेला एक ग्रॅम पुढे कितीतरी ग्रॅम मागतो, आणि शेवटी नाकात शिसं भरायची वेळ येते. म्हणून मागचं सगळं हलकं ठेवायचं, बॅटऱ्या आणि जड सर्व्हो शक्य तितके पुढे न्यायचे. टांकच्या लांब अंतरावरच्या चाकांचा फायदा मात्र मॉडेललाही मिळतो. ओबडधोबड जमिनीवर ते 109 च्या मॉडेलपेक्षा शहाण्यासारखं वागतं.

इथं एक गोष्ट गाळून पुढे जाता येत नाही. हे उत्तम यंत्र हिटलरच्या राजवटीसाठी बनलं होतं. युद्धकाळात जर्मन विमान कारखान्यांत जबरदस्तीनं आणलेले हजारो कामगार राबले, फोके-वुल्फचे कारखाने त्याला अपवाद नव्हते. टांक त्या कंपनीच्या वरच्या फळीत होता. मॉडेलवर रंग चढवताना आपण खुणा अगदी अचूक रंगवतो, त्या कुणाच्या होत्या हेही माहीत असू द्यावं. हुशार इंजिनियर असणं आणि आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतंय हे विचारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टांकच्या आयुष्यात पहिली ठळक दिसते, दुसरी शोधावी लागते.

1945 मध्ये जर्मनी कोसळला. टांकच्या कागदावर मागे झुकलेल्या पंखांचं एक जेट होतं, टीए-183. ते बांधायचं राहून गेलं. 1947 मध्ये तो खोट्या नावानं अर्जेंटिनात पोचला, मागोमाग त्याचे बरेच सहकारी. कोर्दोबा शहरात त्यांनी पुल्क्वी-2 हे जेट बांधलं. तिथंही आधी त्याच आकाराची बिनइंजिनाची ग्लायडर करून पाहिली आणि मगच इंजिनाचं विमान केलं. 1950 मध्ये ते उडालं, टांकनं स्वतःही चालवलं. पुढे चाचण्यांत दोन वैमानिकांचे जीव गेले, पैसा आटला, 1955 मध्ये अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली आणि टांकचं बिऱ्हाड पुन्हा उठलं.

1956 मध्ये ते बिऱ्हाड बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या दारात उतरलं. इथं अगदीच रिकामी जमीन नव्हती. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले होते आणि त्यांनी आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं होतं. पण एचटी-2 हे पंख्याचं साधं विमान आणि हवाई दलाला हवं होतं ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे झेपावणारं जेट. म्हणजे सायकलचं दुकान चालवणाऱ्याकडे रेल्वेच्या इंजिनाची ऑर्डर यावी तसं.

मग टांकनं आपलं जुनं शस्त्र काढलं, लाकूड. मारुतची पूर्ण मापाची, अगदी एकास एक, दोन आसनी लाकडी प्रतिकृती बांधली. तिचं नाव एक्स-241. ती शोभेची नव्हती, उडणारी होती. लांबीरुंदी, पंखांचे छेद, नियंत्रणांची रचना सगळी खऱ्या विमानाची. आत मिटणारी चाकं, फ्लॅप, हायड्रॉलिक ब्रेक सगळं बसवलेलं. फक्त इंजिन नव्हतं. 1959 मध्ये डकोटा विमानानं तिला दोरानं ओढत वर नेलं आणि सोडून दिलं. सत्तरहून अधिक उड्डाणं झाली. विमान कसं वळतं, संथ वेगात कसं वागतं, उतरताना हातात कसं लागतं, हे सगळं जेट बांधून होण्याआधी कळलं. शेवटी एकदा उतरताना पुढचं चाक बाहेरच आलं नाही आणि तिचं नुकसान झालं. रिट्रॅक्टनं दगा दिलेलं मॉडेल पोटावर उतरवलेल्या कुणालाही ते दुःख समजेल.

17 जून 1961 ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं मारुत पहिल्यांदा उडवलं. काम हाती घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत, जिथं आधी एकही जेट आखलेलं नव्हतं तिथं. आकार देखणा आणि हाताळणी उत्तम होती. लाकडी प्रतिकृतीनं जे जे सांगितलं होतं ते खरं निघालं.

जे तिला सांगता येत नव्हतं तिथंच घोडं अडलं. आराखडा केला होता ब्रिटिश ऑर्फियस 12 इंजिन धरून, ज्याला मागे जादा इंधन जाळायची सोय, म्हणजे आफ्टरबर्नर, होती. जोर सुमारे 8,170 पौंड. पण ब्रिटनला आणि नाटोला ते इंजिन नकोसं झालं. विकास पुढे चालवायचा तर खर्च द्या, असं भारताला सांगण्यात आलं आणि भारतानं नकार दिला. मग मारुतला ऑर्फियस 703 वर भागवावं लागलं, जोर प्रत्येकी 4,850 पौंड. ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्यासाठी घडवलेलं अंग सरळ उड्डाणात त्या वेगाच्या अलीकडेच थांबलं. दुसरी इंजिनं शोधली, इजिप्तमधल्या इंजिनावर चाचण्या झाल्या, आफ्टरबर्नर आपणच लावायचाही प्रयत्न झाला. त्या प्रयत्नातलंच विमान 10 जानेवारी 1970 ला उड्डाण घेताना कोसळलं आणि सुरंजन दास गेले.

तरीही 147 मारुत बनली. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा केला. एक इंजिन निकामी होऊनही दुसऱ्याच्या भरवशावर परतलेली मारुत आहेत. 1990 पर्यंत ती सेवेतून गेली. टांक त्याआधीच, 1967 मध्ये, जर्मनीला परतला होता. 5 जून 1983 ला म्युनिकमध्ये त्याचं निधन झालं.

मित्रांनो, दौंडच्या माणसाला इंजिनाचं महत्त्व सांगायला नको. मनमाडकडे जायच्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावताना वर्षानुवर्षं सगळी गाडी, राजधानीच्या थाटात बसलेले प्रवासी धरून, गपचूप थांबून राहायची. शिरूर तालुक्यात रांजणगावला आज मोटारींची इंजिनं बनतात. पण लढाऊ जेटचं इंजिन अजून आपल्या हाती आलेलं नाही. मारुतनंतर जवळपास 40 वर्षांनी, 4 जानेवारी 2001 ला, आपलं तेजस उडालं तेही अमेरिकन इंजिनावर. त्याच्यासाठी आखलेलं कावेरी इंजिन त्याला बसू शकलं नाही.

तेव्हा ज्यांना मोठं मॉडेल करायचंय त्यांनी टांकसारखं जरूर करावं. आधी साधं, बिनइंजिनाचं उडवून पाहा, तोल साधा, चाकं दहा वेळा मिटून उघडून बघा. पण रिब कापायला घेण्याआधी इंजिन हातात घ्या, कागदावरचं नको. आणि मेकॅनिकलच्या मंडळींनी थर्मल आणि टर्बोमशीनचे पेपर नुसते केटी टाळण्यापुरते वाचू नयेत एवढीच विनंती. मारुतचं अंग आपण पाच वर्षांत घडवलं. त्याला शोभेल असं इंजिन घडवायचं काम अजून शिल्लक आहे, आणि ते करणारं कुणीतरी आज कुठल्यातरी हॉस्टेलच्या मेसमध्ये रांगेत उभं असणार.