सुगरणीचं अर्धं घरटं

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी नदीकाठी फिरायला जाताय? मग एकदा मान वर करून बघाच. काठावरच्या बाभळीला किंवा शिंदीला सुगरण पक्ष्यांची वाळलेली घरटी लोंबताना दिसतील. पावसाळ्यातला विणीचा हंगाम संपलाय, पिल्लं उडून गेलीत. काही घरटी पूर्ण, खाली लांब नळी असलेली. काही मात्र हेल्मेटच्या आकाराची, अर्ध्यावर सोडलेली. ती अर्धी का राहतात, याचा उलगडा एका माणसानं केला, तेव्हा त्याच्याकडे नोकरी नव्हती. त्याचं नाव सलीम अली.

जन्म 12 नोव्हेंबर 1896, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामांनी वाढवलं. पोराला एअरगनचा नाद. एकदा त्यानं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? उत्तरासाठी स्वारी पोहोचली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, वर सोसायटीतला पक्ष्यांचा अख्खा संग्रह उघडून दाखवला. शिकारी पोराचा अभ्यासक व्हायला सुरुवात झाली ती इथून.

पण पुढचा रस्ता सरळ नव्हता. सेंट झेवियर्समधलं पहिलं वर्ष जड गेलं, कॉलेज सुटलं. मग घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेश. परत येऊन प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, तरी विद्यापीठाची पदवी नाही म्हणून हवी ती सरकारी नोकरी हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररचं काम मिळालं. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले, प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 मध्ये परत आले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

विचार करा, वय तेहेतीस, लग्न झालेलं, हातात काम नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते रोज ती घरटी बघत बसले. कुठला नर कुठे विणतोय, मादी कधी येते, सगळ्याची नोंद.

हळूहळू चित्र स्पष्ट झालं. घरटं विणतो नर. ते अर्धं झालं की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडलं तर तो ते पुरं करतो, नळी लावतो. ती अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला आणि दुसरी मादी मिळवायला मोकळा! आणि जे कुणालाच पसंत पडत नाही, ते अर्ध्यावरच राहतं. पक्षी तसा कुठेही दिसणारा, पण या अभ्यासानं सलीम अलींचं नाव झालं.

पुढे संस्थानांमधली पक्षी सर्वेक्षणं झाली. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. मग रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ, आणि स्थलांतर समजून घेण्यासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोठी मोहीम. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 1987 मध्ये ते गेले, तेव्हा नव्वदीत होते.

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठचा एक पट्टा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पाण्यावर जलपर्णी, काठाला कचरा, चहूबाजूंनी शहर. तरी पाऊस सरला की शेपटी नाचवत धोबी येतो, चिखलात चोच खुपसत तुतवार फिरतो. उत्तरेकडून आलेले हे पाहुणे. बंगला नको, बाग नको, त्यांना थोडा चिखल आणि थोडी झाडी पुरते. तेवढीही उरली नाही, तर ते उतरणार कुठे?

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा वाढदिवस. त्या आठवड्यात तुमच्या गावातला एखादा काठ निवडा. नदी, तलाव, खाडी, काहीही चालेल. दुर्बीण नसली तरी बिघडत नाही. वही-पेन घ्या. एका झाडावर पूर्ण घरटी किती, अर्धी किती, एवढंच मोजा. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली पुन्हा उभे राहा. झाड तिथेच आहे का, ही पहिली नोंद.