पाण्याचा हिशेब मागणारे बाबासाहेब

चवदार तळ्याचे बाबासाहेब घराघरांत पोहोचले. संविधानाचे बाबासाहेब सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर पोहोचले. पण नदीचे पाणी आधी मोजा, त्याची नोंद ठेवा आणि मग ते वाटा, असा आग्रह धरणारे बाबासाहेब आपल्याच वस्त्यांत अजून पोहोचलेले नाहीत. १४ एप्रिलच्या आणि ६ डिसेंबरच्या व्याख्यानांत मजूरमंत्री बाबासाहेबांच्या वाट्याला फार तर दोन वाक्ये येतात. कृष्णेच्या पाण्यावरून राज्ये भांडतात तेव्हा तर त्यांचे नावही कोणी घेत नाही. म्हणून आज आम्ही त्यांचे चरित्र पाण्याच्या बाजूने सांगणार आहोत.

सन १९०१. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांबरोबर निघाला. मसूर स्टेशनवर ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देऊन शेवटी एक बैलगाडी मिळाली. शिदोरी जवळ होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही आणि पाण्यावाचून ती शिदोरी तशीच राहिली. बाप तलावाच्या कामाचा हिशेब ठेवतो आणि त्याची मुले त्याच मुलखात घोटभर पाण्यासाठी तळमळतात! ज्या मुलखात हे घडले तो कृष्णेच्या खोऱ्यातलाच. पाणी कमी होते म्हणून मुले तहानलेली राहिली नाहीत. ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न होता.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. भीमराव आणि रमाई यांचे लग्न आमच्या भायखळ्याच्या बाजारात झाले. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री त्या उघड्या मंडईत वऱ्हाडी जमले. दगडी ओटे हीच बैठक आणि पायांखालच्या गटारांतून बाजाराचे घाण पाणी वाहते आहे, असा तो मांडव. ज्यांना गावात पाणवठा नव्हता त्यांना शहरात लग्नाला सभागृह नव्हते. भायखळ्याच्या माणसाने ही जागा अभिमानाने दाखवावी, पण तिचा अर्थही सांगावा.

याच भायखळा-परळच्या गिरण्यांशी कृष्णेच्या पाण्याचा आणखी एक संबंध आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ही वीज लोणावळ्याकडच्या पाण्याची. जे पाणी इंद्रायणीवाटे भीमेला आणि भीमेवाटे कृष्णेला मिळायचे, ते अडवून घाटाखाली सोडले गेले. पुढे भिवपुरी आणि भिरा येथेही तेच झाले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. म्हणजे भायखळा कृष्णेच्या खोऱ्यात नाही, पण कृष्णेच्या हिशेबात आहे. गिरणीला डोंगरावरचे पाणी मिळाले. मात्र त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि तो विटाळतो असे मानले जाई.

यानंतरचे महाड आपल्याला पाठ आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पण नंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले, हे आपण विसरतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी हा दावा भावनेवर लढवला नाही. तळे कोणाचे, त्याची मालकी कोणत्या कागदावर, रूढी किती जुनी आणि तिला पुरावा काय, हे प्रश्न त्यांनी पुढे आणले. खालच्या कोर्टात १९३१ साली वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. अनादी रूढी त्यांना शाबीत करता आली नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून या निकालातील एक धडा आम्हांला फार मोलाचा वाटतो. जो पाण्यावर हक्क सांगतो त्याने पुरावा दिला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या पाणी आमचेच होते, एवढे म्हणून भागत नाही. हाच धडा बाबासाहेबांनी पुढे तळ्यावरून नदीवर नेला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. कामगारांसाठी त्यांनी केलेले कायदे आपल्याला ठाऊक आहेत. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला मोठा पूर आला. दामोदर म्हटले की आपल्या लोकांना परळचा दामोदर हॉल आठवतो, जिथे बाबासाहेबांचे कार्यालय होते. ही दामोदर मात्र छोटा नागपूरच्या पठारावरून बंगालमध्ये उतरणारी नदी. त्या पुराने बांध फुटला आणि कलकत्त्याकडे जाणारा रेल्वेमार्ग तुटला. बंगाल आधीच दुष्काळाने होरपळत होता.

अशा वेळी सरकारे काय करतात? बांध पुन्हा बांधतात आणि पुढच्या पुराची वाट पाहतात. बाबासाहेबांनी हा विचारच मोडीत काढला. पाणी जास्त होते ही या देशाची अडचण नसून पाणी पुरत नाही ही अडचण आहे, तेव्हा ते समुद्रात घालवण्याऐवजी साठवा आणि त्यातून शेती, वीज व जलवाहतूक साधा, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण काम करत होते. त्याच प्राधिकरणातले अभियंते वुरडुईन यांनी दामोदरची योजना आखली. सेकंदाला १० लाख घनफूट इतका पूर आला तर काय, हे गृहीत धरून त्यांनी धरणे सुचवली. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलावर आणण्याचे काम १९४५ साली बाबासाहेबांनी कलकत्त्याच्या परिषदांत केले. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता, त्यामुळे केंद्राला हुकूम सोडता येत नव्हता. आकडे पुढे ठेवून पटवणे हाच मार्ग होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीच्या प्रश्नावर परिषद झाली, तिचेही अध्यक्ष तेच होते. हिराकुडच्या धरणामागे ती परिषद आहे.

पण आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वात मोठे काम धरणाचे नाही. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. डॉ. अ. ना. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष होते. नद्यांची वस्तुस्थिती शोधून काढणे, नियोजन करणे आणि प्रांतांत समन्वय घडवणे हे त्याचे काम होते. वस्तुस्थिती शोधणे पहिले, बांधकाम नंतर, हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. तोच आयोग आज केंद्रीय जल आयोग म्हणून ओळखला जातो. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला कृष्णेवर आणि सोलापूर जिल्ह्यात टाकळीला भीमेवर त्याची मोजणीची ठाणी आहेत. पट्टीवर पातळी वाचायची, यंत्राने प्रवाहाचा वेग घ्यायचा, पात्राच्या छेदाला वेगाने गुणायचे, की सेकंदाला किती घनफूट पाणी गेले ते कळते. ऐकायला रूक्ष वाटणारे हे काम रोज झाले नाही, तर दांडगाईशिवाय वाटणीचा दुसरा आधार उरत नाही.

बाबासाहेबांनी पाया घातला म्हणून पुढचे सारे चांगलेच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दामोदरवर सुरुवातीला तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच धरणे झाली, सुचवलेली सगळी झाली नाहीत. हिराकुड काय आणि मैथन काय, पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या आदिवासींना आणि दलितांना न्याय मिळाला नाही. हा हिशेबही मागितलाच पाहिजे.

संविधान लिहिताना बाबासाहेबांनी नदीचा प्रश्न सोडला नाही. पाणी राज्यसूचीत १७ व्या नोंदीत गेले, पण आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार केंद्रसूचीत ५६ व्या नोंदीत ठेवला गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी संविधान सभेत जी तरतूद मांडली, ती आजचे कलम २६२. नदीच्या पाण्याचा तंटा कसा निवाड्यास न्यायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याने संसदेला दिला. त्यानुसार १९५६ साली आंतरराज्य जलविवाद कायदा झाला. त्याच वर्षी ५६ व्या नोंदीखाली नदी मंडळ कायदाही झाला. पहिल्या कायद्याखाली लवाद नेमले गेले. दुसऱ्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झाले नाही. भांडण पेटल्यावर न्यायाधीश नेमायचा, पण भांडण होऊ नये म्हणून एकत्र बसायचे नाही, ही आपल्या राज्यकर्त्यांची रीत.

त्याच १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून, ही परंपरेची कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांनी रोहिणी नदीचा तंटा पुढे ठेवला. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती भिजवत. आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून भांडण पेटले. शाक्यांचा संघ युद्धाला निघाला तेव्हा सिद्धार्थ उभा राहिला. आगळीक कोणाची, याची आधी चौकशी करा. आपले दोन, त्यांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पाच जणांकडे निवाडा सोपवा, हे त्याचे म्हणणे होते. संघाने ते फेटाळले आणि सिद्धार्थाने घर सोडले. आता कलम २६२ पुन्हा वाचा. नदीच्या तंट्याला युद्धाऐवजी चौकशी आणि पंच हे उत्तर कायदेपंडित बाबासाहेबांनी संविधानात लिहिले आणि तेच बौद्ध बाबासाहेबांनी धम्मग्रंथात लिहिले. आपल्याला हे दोन बाबासाहेब वेगळे दिसतात, हा आपल्या वाचनाचा दोष.

आता आपल्या कृष्णेकडे पाहू. महाबळेश्वरला उगम पावून सुमारे १,४०० किलोमीटर वाहणारी ही नदी. तिच्यासाठी १९६९ साली न्या. बच्छावत लवाद नेमला गेला. १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंत विजयवाड्याच्या ७८ वर्षांच्या नोंदी पाहून लवादाने ठरवले की १०० पैकी ७५ वर्षे नदीत निदान २,०६० टीएमसी पाणी असते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी मिळाले. टाटांच्या वीजकेंद्रांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यालाही मर्यादा घातली गेली. दुसऱ्या लवादाने २०१० साली १९६१ नंतरच्या ४७ वर्षांच्या नोंदी धरल्या आणि वाटणीचा पाया बदलला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. २०१४ साली तेलंगणा वेगळे झाले आणि कोणी किती पाणी उचलले, मोजणीची यंत्रे कुठे बसवायची, यावरूनही तंटे सुरू झाले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा अलमट्टीतून किती पाणी सुटते आहे, हाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. हवा होता तो आकडा, वेळेवर आणि सर्वांसमोर.

आणि येथेच आमचा खरा प्रश्न आहे. हा सारा हिशेब राज्यांचा आहे. राज्यातून तो धरणापर्यंत येतो, धरणातून कालव्याच्या मुखापर्यंत येतो आणि तेथे संपतो. चारीच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले का? उसाला किती गेले, ज्वारीला किती गेले? बौद्धवाड्याच्या, मातंगवस्तीच्या नळाला किती आले? २००५ च्या राज्याच्या कायद्याने पाणी मोजून पाणीवापर संस्थांना द्यायचे ठरले, पण त्या संस्थेचा सभासद लाभक्षेत्रात जमीन असलेलाच. सातबारावर नाव नाही, त्याचे पाण्याच्या वहीतही नाव नाही. हे बदलता येत नाही असे नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला बंदी केली. तेही कृष्णेचेच खोरे.

चळवळीतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. सातारा, सांगली, सोलापुरात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. कोणत्या पाणीपाळीला कोणत्या वितरिकेवर किती पाणी सोडले आणि टोकाला किती पोहोचले, त्याच्या नोंदी मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती खात्याने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, हे अर्जात लिहा. ती नोंद ग्रामसभेत वाचा. नोंद ठेवलीच नसेल तर तसे लेखी उत्तर घ्या. कोर्टात त्याचाही उपयोग होतो. आणि कालवा सल्लागार समितीत भूमिहीनांचा माणूस बसलाच पाहिजे, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून गेली पाहिजे. महाडला आपण ओंजळीने पाणी घेतले. आता ओंजळीत किती आले, हे मोजून घ्यायचे आहे.