हलक्या चाकाचा कारागीर

सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापुढे तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर एक दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. कारागीर वाकडे झालेले चाक गरगर फिरवतो, एका जागी थांबवतो, लहानशा चावीने एखादी तार किंचित आवळतो, दुसरी किंचित सैल करतो आणि चाक पुन्हा फिरवून पाहतो. असे चार-सहा वेळा केले, की डुलत फिरणारे चाक सरळ फिरू लागते. यालाच तो चाकाचा आऊट काढणे असे म्हणतो. हे चाक उचलून पाहिले तर किती हलके! त्यातील तार सुटी काढून हातात घेतली, तर सहज वाकवता येईल इतकी बारीक. तरीही अशा तारांच्या जोरावर ते चाक धडधाकट माणसाचा, आणि कित्येकदा त्याच्या मागे बसलेल्या दुसऱ्याचाही, भार निमूटपणे वाहून नेते. हे कसे घडते आणि या चाकाला आजचे रूप कोणी दिले, हे जाणून घेण्यासाठी आपणांस दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जावे लागेल.

इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स नावाचा परगणा आहे. तेथील आल्बोर्न या खेड्यात, सन १८३० च्या सुमारास, एका शेतकऱ्याच्या घरी जेम्स स्टार्ले याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे वयाच्या नवव्या वर्षीच त्याला शेतकामास लागावे लागले. शाळेचा लाभ त्याला फारसा झाला नाही. परंतु त्याचे डोळे आणि हात मात्र सदैव काहीतरी शिकत असत. शेतात उंदरांचा उपद्रव झाला, तेव्हा त्याने स्वतःच्या कल्पनेने त्यांच्यासाठी सापळा तयार केला होता, असे सांगतात. पण नांगरामागे चालण्यात त्याचे मन रमेना. मिसरूड फुटण्याच्या वयातच तो घर सोडून लंडनच्या वाटेला लागला.

लंडनजवळ लुईशॅम येथे जॉन पेन नावाचा एक मोठा कारखानदार राहत असे. जहाजांना लागणारी वाफेची इंजिने तयार करण्यात त्याची ख्याती होती. त्याच्या बागेत स्टार्लेला माळ्याची नोकरी मिळाली. दिवसा झाडांना पाणी घालावे, वाफे खणावेत आणि फावल्या वेळात मोडकी घड्याळे व लहानसहान यंत्रे दुरुस्त करावीत, असा त्याचा क्रम होता. त्या काळी शिवणयंत्र ही अगदी नवी, महाग आणि दुर्मीळ वस्तू होती. पेनच्या घरी असे एक यंत्र आले. पण ते बिघडून बंद पडले. ते पाहण्याचे काम या माळ्याकडे आले. त्याने ते उघडले, त्याची रचना समजून घेतली आणि ते पुन्हा चालू करून दिले. एवढेच नव्हे, तर ते अधिक चांगले कसे करता येईल याचाही विचार त्याच्या मनात सुरू झाला.

पेन हा गुणांची पारख असलेला गृहस्थ होता. त्याने आपल्या ओळखीच्या जोसाया टर्नर या शिवणयंत्रांच्या व्यावसायिकाकडे स्टार्लेची शिफारस केली. अशा रीतीने सन १८५९ मध्ये हा माळी लंडनमधील शिवणयंत्रांच्या कारखान्यात दाखल झाला. पुढे दोनच वर्षांनी टर्नर आणि स्टार्ले यांनी लंडन सोडले, आणि कॉव्हेंट्री या गावी स्वतःचा कारखाना काढला.

कॉव्हेंट्रीची त्या वेळची स्थिती मोठी शोचनीय होती. हे गाव रेशमी फितींच्या विणकामासाठी प्रसिद्ध होते. हजारो कुटुंबांचा चरितार्थ मागावर चाले. परंतु सन १८६० मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रान्सहून येणाऱ्या रेशमी मालावरील जकात उठवण्यात आली. परदेशी फितींच्या स्पर्धेत गावातील माग बंद पडले. कुशल हात रिकामे झाले. कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. मागे राहिली त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. नव्या कारखान्याला कुशल कारागीर हवे होते आणि गावाला काम हवे होते. शिवणयंत्रांमुळे काही जणांना तरी आधार मिळाला.

पुढे सन १८६८-६९ च्या सुमारास एक घटना घडली. टर्नरचा पुतण्या रौली टर्नर पॅरिसमध्ये राहत असे. त्याने तेथील एक नवे वाहन कॉव्हेंट्रीस आणले. त्याला एकापुढे एक अशी दोन चाके होती आणि पुढच्या चाकाच्या आसाला पायटे जोडलेले होते. फ्रान्समध्ये या वाहनाला मोठी मागणी होती. तेव्हा कॉव्हेंट्रीच्या कारखान्याने अशी चारशे वाहने बनवून द्यावीत, असे ठरले. सन १८६९ मध्ये कारखान्याचे नावही बदलण्यात आले. परंतु १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सची बाजारपेठ बंद झाली. तयार होणारा माल आता इंग्लंडातच खपवणे भाग होते.

या वाहनातील दोष स्टार्लेच्या नजरेतून सुटले नाहीत. त्याची चाके बैलगाडीच्या चाकांसारखीच होती. मध्ये लाकडी तुंबा, त्यात बसवलेले जाड लाकडी आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. असे वाहन दगडी रस्त्यावरून जाऊ लागले, की स्वाराचे अंग अंग खिळखिळे होई. लोकांनी त्याला हाडे हलवणारे यंत्र असेच नाव ठेवले होते. दुसरा दोष याहून मोठा होता. पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. अधिक वेग हवा असेल, तर चाक मोठे करणे हाच उपाय होता. पण लाकडाचे चाक जितके मोठे करावे, तितके ते जड होई आणि वाढलेला सारा वेग त्या वजनातच जिरून जाई. चाक मोठे तर हवे, पण हलके हवे. मजबूत तर हवे, पण त्याला लागणारे साहित्य साधे हवे, असा हा पेच होता.

लाकडी चाकात आरे हे खांबासारखे काम करतात. वरून आलेला भार तुंब्याच्या खाली असलेल्या आऱ्यांवर दाबला जातो. दाब सोसायचा म्हणून आरा जाड असावा लागतो. बारीक तारेवर असा दाब दिला, तर ती तत्काळ वाकेल. परंतु तीच तार दोन्ही टोकांनी ताणून धरली, तर ती आश्चर्यकारक ओझे पेलते. विहिरीतून भरलेली घागर वर काढणारा दोर पाहा. त्याला ढकलू गेलो, तर तो लुळा पडतो. पण ओढू लागलो, की भरलेली घागर उचलतो. तारेच्या चाकाचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे. तुंबा आणि चाकाची कड यांच्यामध्ये चोहोबाजूंनी तारा आधीच घट्ट ताणून ठेवायच्या. चाकावर भार आला, की खालच्या तारांचा ताण काहीसा कमी होतो इतकेच. कोणत्याही तारेला दाब सोसावा लागत नाही. मग आरा जाड असण्याचे कारणच उरत नाही.

ही कल्पना सर्वस्वी स्टार्लेची नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने सन १८०८ मध्येच उडणाऱ्या यंत्रासाठी अशा हलक्या चाकाचा विचार मांडला होता, आणि पॅरिसच्या युजीन मेयर याने १८६९ साली तारेच्या आऱ्यांचे चाक बनवले होते. परंतु कल्पना सुचणे वेगळे आणि तिला रोजच्या वापरात टिकेल असे रूप देणे वेगळे. हे दुसरे काम स्टार्लेने केले.

सन १८७० मध्ये स्टार्ले आणि त्याचा सहकारी विल्यम हिलमन यांनी एरियल नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. तिच्या तुंब्याला एक आडवी दांडी बसवलेली होती. या दांडीच्या टोकांपासून चाकाच्या कडेपर्यंत गेलेल्या तारा आवळल्या, की तुंबा किंचित फिरे आणि सर्व आरे एकदम ताणले जात. चाकावर लोखंडी धावेऐवजी भरीव रबर होते. आता चाक मोठे करण्यास हरकत राहिली नाही. पन्नास इंच व्यासाचे चाक पायाच्या एका फेऱ्यात सुमारे तेरा फूट अंतर कापू शकते. सन १८७१ मध्ये ही सायकल आठ पौंडांना विक्रीस आली. सामान्य कामकऱ्याला ही किंमत थोडी नव्हती. तरी घोडा घेऊन त्याला दाणावैरण घालण्यापेक्षा ती कितीतरी परवडणारी होती.

आपले यंत्र खरोखरच टिकाऊ आहे, हे जगाला दाखवण्यासाठी दोघांनी एक धाडस केले. लंडनहून कॉव्हेंट्रीपर्यंतचे ९६ मैलांचे, म्हणजे सुमारे १५४ किलोमीटरचे अंतर त्यांनी एका दिवसात सायकलीवरून पार केले. रस्ते खडबडीत होते. स्टार्लेने चाळिशी गाठली होती आणि शरीराने तो स्थूल होता. या प्रवासानंतर दोघांनाही तीन दिवस अंथरूण सोडवले नाही, असे सांगतात. माणसे थकली, पण तारेची चाके शाबूत राहिली.

तरीही स्टार्लेचे समाधान झाले नव्हते. एरियलचे आरे तुंब्यापासून कडेकडे थेट सरळ जात. स्वाराने जोराने पायटा मारला, की तुंबा आधी फिरे आणि कड मागे रेंगाळे. या ओढाताणीत तारांवर वेडावाकडा भार येई. पुष्कळ विचाराअंती सन १८७४ मध्ये त्याने यावर तोडगा काढला. तारा तुंब्याच्या मध्यापासून सरळ न नेता त्याच्या कडेला स्पर्श करून तिरप्या नेल्या. निम्म्या पुढच्या बाजूला आणि निम्म्या मागच्या बाजूला. त्यामुळे त्या एकमेकींना छेदून जाऊ लागल्या. आता पायटा मारला, की एका बाजूच्या तारा तुंब्याचा जोर ओढीच्या रूपाने थेट कडेपर्यंत पोहोचवीत. शिवाय प्रत्येक तार स्वतंत्रपणे आवळता किंवा सैल करता येऊ लागली. चाक वाकडे झाले, तर नवे घेण्याची गरज राहिली नाही. एका चावीने ते सरळ करता येऊ लागले. तुमच्या सायकलीच्या चाकाकडे निरखून पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या त्या तारा म्हणजे स्टार्लेचीच रचना होय.

परंतु या यशाला एक दुसरी बाजूही होती. चाक हलके झाल्यामुळे लोकांनी ते अधिकाधिक उंच केले. पुढचे चाक पुरुषभर उंचीला भिडू लागले आणि मागचे अगदी लहान झाले. उंचावर बसलेल्या स्वाराच्या चाकाखाली एखादा दगड आला, की तो डोके खाली करून रस्त्यावर आदळे. कित्येकांना गंभीर दुखापती झाल्या, काहींनी प्राणही गमावले. तरुण आणि धाडसी पुरुषांखेरीज या वाहनावर कोणी बसेना. तेव्हा स्त्रिया आणि वयस्क माणसे यांच्यासाठी स्टार्लेने तीन चाकांच्या सायकली बनवण्यास आरंभ केला.

अशाच एका सायकलीवरून तो आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून चालले होते. प्रत्येकाचे पायटे आपापल्या बाजूचे चाक फिरवत. मुलगा तरुण आणि जोमदार. त्याच्या बाजूचे चाक अधिक वेगाने फिरले, सायकल एकीकडे वळली आणि दोघेही रस्त्याकडेच्या खड्ड्यात जाऊन पडले, अशी कथा सांगतात. दुसरा कोणी मुलावर रागावला असता. स्टार्ले मात्र दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरता येईल आणि तरीही दोघांचा जोर दोन्हींना सारखा मिळेल, अशा दातेरी चाकांच्या योजनेचा विचार करू लागला. सन १८७७ मध्ये त्याने ती आपल्या सायकलीला बसवली. त्याच तत्त्वावरची योजना आजही मोटारगाडीच्या आसावर आढळते. पुढे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८८१ साली स्टार्लेच्या अशा दोन तीनचाकी सायकली मागवल्या. माळ्याचे काम केलेल्या माणसाची कारागिरी राजवाड्यापर्यंत पोहोचली.

त्याच वर्षी, १७ जून १८८१ रोजी, स्टार्लेचा मृत्यू झाला. त्याचे वय जेमतेम पन्नास वर्षांचे होते. त्याचे काम अपुरेच राहिले होते. कारण सर्वांना निर्धास्तपणे बसता येईल अशी दोनचाकी सायकल अद्याप झाली नव्हती. हे काम त्याच्याच हाताखाली शिकलेला त्याचा पुतण्या जॉन केंप स्टार्ले याने पुढे नेले. सन १८८५ मध्ये त्याने रोव्हर नावाची सायकल लोकांपुढे आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारख्या उंचीची होती आणि साखळीने मागचे चाक फिरत असे. तीन वर्षांनी डनलॉपने सायकलीसाठी हवेने फुगवलेले टायर पुढे आणले. मग सायकल हे साऱ्या जगाचे वाहन झाले. आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी ज्या उद्योगाचा पाया घातला, त्याचाही आरंभ १८८८ साली सायकलीच्या एका दुकानापासूनच झाला.

कॉव्हेंट्रीच्या लोकांनी सन १८८४ मध्ये स्टार्लेचे स्मारक उभारले. रेशमी फितींचे माग बंद पडल्यावर ज्या गावात चुली पेटणे कठीण झाले होते, तेच गाव सायकलींच्या धंद्याची राजधानी बनले आणि विणकरांच्या मुलांना त्या कारखान्यांत काम मिळाले. ते स्मारक लोकांच्या या कृतज्ञतेचीच खूण आहे. परंतु स्टार्लेचे खरे स्मारक तेवढेच नाही. तुमच्या गावातील सायकलवाल्याने वाकडे चाक फिरवून, कान देऊन, एकेक तार आवळायला घेतली, की त्या साध्या कामात हा कारागीर आपणांस आजही भेटतो.